मामांनी नापास केलेली खोली

थोरलीचा भाऊ घरं तपासायचा. कुणी घर विकत घ्यायला निघालं की आधी याला न्यायचं, याने भिंती ठोकायच्या, नळ सोडून बघायचे, छपराखाली डोकं घालायचं आणि घर घेण्यासारखं आहे की नाही ते सांगायचं. या कामाला पाहणी म्हणतात. घरात सगळे त्याला मामा म्हणत आणि अहो-जाहो करत, म्हणून आपणही करू. मामांना घराची नाडी कळते, असं थोरली येता-जाता सांगायची. कळत असेलही. पण नाडी बघणारा वैद्य वेगळा आणि नरडी दाबणारा वेगळा, हे समजायला धाकटीची तीन घरं हातची जावी लागली.

धाकटी म्हणजे थोरलीची जाऊ. घर दादाचं, म्हणजे थोरल्या भावाचं. त्याने स्वतःच्या कमाईतून घेतलेलं, त्यामुळे वाट्याबिट्याचा प्रश्न नव्हता. धाकट्या भावाचं लग्न झालं तेव्हा दादाने मागची खोली रंगवून दिली आणि म्हणाला, तुमचं घर होईपर्यंत खुशाल राहा. दादा माणूस वाईट नाही. फक्त आपल्या घरात काय चाललंय ते पेपरात छापून आल्याशिवाय त्याला कळत नसे.

तर ही मागची खोली. स्वयंपाकघराच्याही मागे, डब्यांच्या मांडणीच्या पलीकडे, एक पायरी उतरून. आधी तिथे अडगळ ठेवत. एक भिंत न्हाणीघराला लागून, दुसरी शेजारच्या इमारतीला चिकटलेली, आणि एकुलती खिडकी अशा बोळात उघडणारी की तिथे ऊनसुद्धा वाट चुकल्याशिवाय यायचं नाही. दादाने दिलेला रंग पहिल्याच वर्षी फुगला, दुसऱ्या वर्षी त्याचे पोपडे निघाले, आणि पुढे भिंतीने मनाला येतील तसे हिरवे-काळे नकाशे काढले. धाकटी अंथरूण भिंतीपासून हातभर सोडून घाली. कपाटाच्या मागे जाड कागद लावी आणि तो ओला झाला की बदली.

धाकटीची लेक बिट्टी तिथेच जन्मली, तिथेच रांगली आणि तिथेच खोकायला शिकली. हवा गार झाली की पोरीचा खोकला सुरू व्हायचा तो उन्हं तापेपर्यंत. थोरली मांडणी ओलांडून कधी आत आली नाही. काही द्यायचं असलं तर पायरीच्या वरून हाक मारी आणि हात लांब करी. पण खोकला ऐकू आला की तिथूनच म्हणे, "तुमच्या माहेरचीच छाती नाजूक." डबे न्यायला आलेल्या गिऱ्हाइकांसमोर म्हणे, आणि वर हसे. धाकटीच्या माहेरी कुणाला साधी शिंक येत नव्हती. तिचा बाप सत्तरी उलटल्यावर विहिरीत सूर मारायचा. पण हे सांगणार कुणाला?

डब्यांचं सांगायचं राहिलं. थोरलीचा डब्यांचा धंदा होता आणि तो जोरात होता. दाराबाहेर पाटी थोरलीच्या हाताच्या चवीची. आत हात मात्र धाकटीचा. पहाटे उठून कणीक तिने मळायची, भाज्या तिने फोडणीला टाकायच्या, शेवटी थोरलीने येऊन मीठ चाखायचं आणि झाकणं लावायची. गिऱ्हाईक म्हणे, ताई, तुमच्या हाताला काय चव आहे हो. थोरली पदर सावरून म्हणे, देवाची देणगी. ती देणगी मागे चुलीशी घाम पुसत उभी असे. आता तुम्हीच सांगा, अशी जाऊ घर सोडून जावी असं कोणत्या शहाण्या बाईला वाटेल?

पण तोंडाने थोरली तसं कधीच म्हणाली नाही. उलट म्हणाली, घ्या की घर, पण पाहणी आपल्या मामांकडूनच. घरचं माणूस असताना बाहेरचं आणणं बरं दिसतं का? फुकट करतील, मनापासून करतील. दादाला हे फार पटलं. बँकेच्या कर्जाला तो जामीन राहणार होता, आणि त्याने एवढंच सांगितलं की मामांनी बरं म्हटलं की मी डोळे मिटून सही करतो. म्हणजे किल्ली गेली मामांच्या खिशात, आणि मामा कुणाचे भाऊ ते वर सांगितलंच आहे.

धाकटीचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर अडकलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढायचा आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतः अडकून बसायचा. दादापुढे त्याने आयुष्यात कधी तोंड उघडलं नव्हतं. वहिनीपुढे तर जांभईसुद्धा दाबून द्यायचा.

पहिल्या घराला मामा स्वतः आले. नवे बूट घालून आले, उंबऱ्यावर उभे राहिले, नाक वर करून हवा हुंगली आणि म्हणाले, खालून पाणी आहे. संपलं. दुसऱ्या घराच्या जिन्यापर्यंत गेले, छताकडे बघून चुकचुकले आणि म्हणाले, तुळई वाकली आहे. शिडी मागवली नाही, वर चढले नाहीत, खालूनच त्यांना तुळईच्या पोटात दुखतंय ते कळलं.

तिसरं घर धाकटीला फार आवडलं होतं. लहानसंच, पण स्वयंपाकघराची खिडकी उगवतीला आणि खिडकीखाली दगडाचा रुंद कट्टा. बघायला गेले तेव्हा बिट्टी त्या कट्ट्यावर चढून पाय हलवत बसली ती उतरायलाच तयार होईना. धाकटीने भिंतीला तळहात लावला तर भिंत कोरडी, उन्हाने किंचित उबदार. भिंत अशीही असते हे ती विसरूनच गेली होती. त्या वेळी मामांचा गुडघा दुखत होता. म्हणाले, मला कशाला ओढता, फोटो काढून आणा, मला घराची नाडी फोटोवरूनही कळते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. रविवारी जेवण झाल्यावर हात पुसत त्यांनी मोबाइलवर चार फोटो सरकवले आणि म्हणाले, पाया खचलाय, ते घर घेणं म्हणजे पोरीला खड्ड्यात घेऊन झोपणं. थोरलीने लगेच बिट्टीला जवळ ओढून कुरवाळलं. त्या दिवशी धाकटी भांडी घासताना रडली आणि नंतर स्वतःवरच चिडली, कारण मामांचं तिला खरं वाटलं होतं.

हे सगळं तिने सोसलं असतं. नशीब म्हणून सोडून दिलं असतं. पण एक दिवस डबे पोचवणारा आला नाही आणि एक डबा द्यायला थोरलीने तिलाच पिटाळलं. डबा देऊन परत येताना रस्ता त्या तिसऱ्या घरावरून जात होता. खिडकीत कुणीतरी पडदे लावत होतं. धाकटीने बघितलं तर मामांची लेक, नुकतंच लग्न झालेली.

पोरगी बिचारी सरळ. काकू, काकू करत तिने आत बोलावलं, त्याच कट्ट्यावर बसवलं आणि पाणी दिलं. सांगू लागली की घर आमच्या दोघांच्या नावावर झालं, बाबांनीच मिळवून दिलं. बाबा स्वतः कौलांवर चढले होते, सगळं ठोकून बघितलं आणि म्हणाले, असं दणकट घर शोधून सापडायचं नाही. आणि हे घर आहे हे सुचवलं कुणी, माहीत आहे का? आत्याने.

या पोरीची आत्या म्हणजे आपली थोरली.

धाकटी सगळं पाणी प्यायली. पोरीला म्हणाली, पडदे छान आहेत. रस्त्यावर आली तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि कानशिलं ठणकत होती. दुखरा गुडघा घेऊन माणूस कौलांवर चढतो! खचलेल्या पायावर स्वतःच्या लेकीचा संसार मांडतो! आणि ती थोरली, बिट्टीला कुरवाळणारी! कुंपणच शेत खात होतं, आणि ही बावळट इतकी वर्षं त्या कुंपणाला पाणी घालत होती. वाटेत तिने मनातल्या मनात दोघांना इतक्या शिव्या दिल्या की सिग्नलला उभी राहून ओठ हलवताना बघून एक म्हातारा बाजूला सरकला.

घरी जाऊन तमाशा करता आला असता. पण तमाशाचं काय होतं ते तिला माहीत होतं. थोरली डोळ्यांना पदर लावणार, मामा म्हणणार की पाया आम्ही नंतर दुरुस्त करून घेतला, दादा गोंधळून दोघांच्या तोंडाकडे बघणार, आणि नवरा म्हणणार, जाऊ दे ना. जाऊ दे! त्या दोन शब्दांवर तिचा अर्धा जन्म गेला होता. या वेळी जाऊ द्यायचं नाही, एवढं तिने ठरवलं. कसं, ते ठरत नव्हतं. म्हणून ती गप्प राहिली, कणीक मळली, साखर पेरून बोलली आणि वाट बघत बसली.

मग चौथं घर आलं. तिसऱ्याच्या तोडीचं नाही, पण कोरडं, उजेडाचं, बिट्टीच्या शाळेजवळ. दलालाने सांगितलं, पुढच्या सोमवारपर्यंत थांबतो, मग दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. नवरा म्हणाला, हे शेवटचं, याही वेळी मामा नाही म्हणाले तर माझ्याने आता होणार नाही, आपण राहू इथेच. हे सांगताना तो भिंतीवरच्या डागाकडे बघत होता. रात्री डोळा लागेपर्यंत तो त्याच डागाकडे बघायचा. त्याचा आकार पाठमोऱ्या म्हशीसारखा होता आणि दर वर्षी म्हैस थोडी धष्टपुष्ट व्हायची.

मामांचा निरोप आला: या खेपेलाही फोटोच पाठव, रविवारी जेवायला येतोय तेव्हा सांगतो.

धाकटी तेव्हा मागच्या खोलीत बिट्टीचे कपडे दोरीवर टाकत होती. निरोप वाचला, मोबाइल खाली ठेवायला वळली आणि समोर म्हैस. ती तशीच उभी राहिली. मग दोरीवरचे कपडे काढले, अंथरूण गुंडाळून बाहेर ठेवलं, कपाट ओढलं, कॅलेंडर उतरवलं. कपाटामागचा कागद फाडला तेव्हा आतून भिंतीची लाळ गळत होती. तिने कोपऱ्याचा फोटो काढला, छताचा काढला, न्हाणीघराकडच्या भिंतीचा, गजांना गंज चढलेल्या खिडकीचा, जमिनीवरच्या उखडलेल्या लादीचा आणि शेवटी म्हशीचा. सगळे मामांना पाठवले आणि खाली लिहिलं: मामा, ही जागा पाहून सांगा, माणसांनी राहण्यासारखी आहे का.

यात खोटा शब्द एक नव्हता. तिने मुद्दाम दोनदा वाचून खात्री केली. मग सगळं सामान जागच्या जागी लावलं आणि संध्याकाळच्या डब्यांची भाजी चिरायला बसली. नवऱ्याला सांगितलं नाही. तो बिचारा पोटात काही ठेवू शकत नसे. अपचन व्हायचं त्याला.

रविवार उजाडेपर्यंत तिची झोप उडाली. मामांना ओळखू आलं तर? दर रविवारी जेवायला यायचे. पण बाहेरच्या खोलीतून टेबलापर्यंत आणि टेबलापासून सोफ्यापर्यंत, यापलीकडे त्यांचा पाय कधी पडला नव्हता. दादाने खोली रंगवून दिल्यावर पुन्हा पाहिली नव्हती. थोरलीने तर पायरीखालचं जग आपलं मानलंच नव्हतं. तरी एखादी खूण दिसली आणि कुणाला आठवलं तर? तसं झालं असतं तर तिला खरंच हरल्यासारखं वाटलं असतं, पण त्याच वेळी कुणाला तरी ही खोली आठवते म्हणून बरंही वाटलं असतं.

कुणालाही आठवलं नाही.

जेवणं झाली. मामांनी ताटातच हात धुतले, चष्मा चढवला आणि मोबाइल काढला. गिऱ्हाईक नसलं, घरचीच माणसं असली, तरी मामांना पाहणीचं नाटक लागायचंच. एकेक फोटो बोटांनी मोठा करून बघू लागले. भुवया वर, भुवया खाली, मध्येच एक सुस्कारा. धाकटी टेबलाच्या टोकाला उभी होती. तिने हात पदरात गुंडाळून घेतले होते.

"अरारारा," मामा म्हणाले. "हे घर दाखवलं कुणी तुम्हाला? त्या दलालाला धरून बदडला पाहिजे."

मग सुरू झाले. तिन्ही घरांच्या वेळी मिळून बोलले नसतील इतकं या एका खोलीवर बोलले, आणि गंमत बघा, सगळं खरं बोलले. पलीकडे न्हाणीघर असणार, त्याचं पाणी कित्येक वर्षं भिंतीत मुरतंय. छताचा गिलावा सुटलाय, कधीही डोक्यात पडेल. खिडकीला हवा नाही, ऊन नाही. ही काळी बुरशी आहे ना, ती छातीत जाते. या माणसाला काम येत नव्हतं असं नाही. चांगलं येत होतं. म्हणून तर धाकटीच्या मनात उरलासुरला दयेचा थेंब होता तोही आटला.

"लहान मूल तर इथे एक रात्र ठेवू नये," मामा म्हणाले. "खोकला लागला तर सुटायचा नाही. औषधं देत बसा मग जन्मभर."

मोबाइल दादाकडे गेला. दादाने बघून मान हलवली आणि म्हणाला, छे छे, हे काय घर आहे. थोरलीकडे गेला. थोरलीने नाकाला पदर लावला, जणू फोटोला वास येत होता.

"शी! मी तर इथे जनावरसुद्धा बांधणार नाही," ती म्हणाली. "कसली माणसं असली जागा दुसऱ्याला राहायला देतात, देव जाणे."

आता. धाकटीने घसा साफ केला. या क्षणासाठी एक वाक्य तिने आठवडाभर घोटून ठेवलं होतं, कांदा चिरताना, ताक घुसळताना, कुकरच्या शिट्या मोजताना. पण थोरलीने तेवढ्यात मोबाइल पुढे सरकवला आणि तो धाकट्याच्या हातात गेला. फोटो म्हशीचा होता.

धाकटा बघत राहिला. आधी कपाळाला आठी पडली, मग आठी गेली. त्याने मान वर करून बायकोकडे पाहिलं. आता हा ततपप करणार, हसून सारवासारव करणार, वहिनी, काहीतरी चूक झाली म्हणणार, आणि सगळ्यावर बोळा फिरणार. तिने डोळ्यांनीच त्याला बजावलं की खबरदार. धाकट्याने मोबाइल टेबलावर ठेवला, दादाच्या समोर, नीट सरळ करून.

"दादा, ही आपली मागची खोली आहे," तो म्हणाला. "मी रोज हा डाग बघत झोपतो. बिट्टीचं डोकं याच्या खालीच असतं."

इतकी वर्षं दातखीळ बसलेला माणूस नेमका तिच्या वाक्याच्या वेळी बोलला! धाकटीला क्षणभर रागच आला त्याचा. पण असा राग पुन्हा पुन्हा यावा, असंही तिला लगेच वाटलं.

थोरली म्हणाली, भलतंच काय, आपली खोली कुठे अशी आहे. दादा उठला. तो मांडणीच्या बाजूने आडवा होऊन सरकला, पायरी उतरला, आणि त्याच्या मागून सगळी वरात: मामा, थोरली, धाकटा, शेवटी धाकटी. खोलीत इतकी माणसं उभी राहायला जागा नव्हती. बिट्टी अंथरुणावर चित्रं काढत बसली होती. एवढे पाहुणे एकदम आलेले बघून तिने पाय जवळ घेतले. दादाने कपाट स्वतः ओढलं. मग भिंतीला अंगठा लावून दाबला आणि गिलाव्याचं ढेकूळ त्याच्या पायावर पडलं. तो पायाकडे बघत राहिला.

मामांचं तोंड उतरलं. म्हणू लागले की फोटोत जरा जास्तच वाटतं, तसं फार काही नाही, एक रंगाचा हात दिला की... तिथे धाकटीने त्यांना धरलं.

"मामा, फोटोत जास्त वाटतं का?" तिने अगदी गोड आवाजात विचारलं. "मग तिसऱ्या घराचा पायाही फोटोतच खचला असेल. बरं झालं, लेकीसाठी तुम्ही स्वतः कौलांवर चढलात. गुडघा बरा आहे ना आता?"

दादाला उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. त्याने विचारलं, कुठलं घर, कुणाची लेक. धाकटीने सांगितलं: कट्ट्याचं घर, पडदे, आणि कुणी सुचवलं तेही. आवाज चढवला नाही, एक शब्द जास्त घातला नाही. दादाने बायकोकडे पाहिलं. थोरलीने भावाकडे पाहिलं. भावाने म्हशीकडे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, तर इथे भाऊ-बहिणीने चारही हात दाखवले होते.

सुडाने पोट भरत नाही असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी तो कधी चाखला नसावा. धाकटीला इतकं बरं वाटलं की तिथेच बसून एक ताट भात खावा असं वाटलं.

दादा चिडला की ओरडत नसे, हळू बोलत असे. मामांना म्हणाला, तुम्ही निघा. धाकट्याला म्हणाला, पाहणीला बाहेरचं माणूस आण, जामीन मी आहेच. मग बायकोकडे वळून म्हणाला की बिट्टी आजपासून पुढच्या खोलीत झोपेल, आपल्या खोलीत, आईबापासकट, त्यांचं घर होईपर्यंत. थोरलीने विचारलं, मग आपण? दादाने गिलाव्याचं ढेकूळ पायाने बाजूला सारलं आणि म्हणाला, ज्यांनी ही खोली दिली त्यांनी इथे.

थोरलीला वाटलं, रागाच्या भरात बोललाय, संध्याकाळपर्यंत विसरेल. पण ज्या माणसाला कधीच काही दिसत नाही, त्याला एकदा दिसलं की तो डोळे मिटत नाही. संध्याकाळी दादाने स्वतः गाद्या उचलून मागे नेल्या.

सोमवारी सकाळीच चौथ्या घराच्या पाहणीला एक बाई आल्या. जुनी पँट, हातात बॅटरी, पाठीवर पिशवी. शिडी लावून वर गेल्या, पोटमाळ्यात रांगत शिरल्या, सगळे नळ एकदम सोडून पाण्याचा आवाज ऐकत बसल्या. धाकटी म्हणाली, मीही येते वर. नवऱ्याने शिडी धरली आणि ती पदर खोचून चढली. बाईंनी दाखवलं: पन्हळ इथे तुंबलीये, ही चौकट बदला, बाकी घर ठणठणीत. कोरडं आहे का, असं धाकटीने तीनदा विचारलं. बाई हसल्या आणि म्हणाल्या, काडी लावली तर लाकूड कापरासारखं पेटेल इतकं कोरडं.

बँकेचे कागद हलायला वेळ लागतो. तेवढ्यात हवा गार झाली. पुढच्या खोलीत बिट्टी एकदाही खोकली नाही. धाकटी सवयीने मध्येच जागी व्हायची, कान लावायची आणि पोरीचा नुसता श्वास ऐकून पुन्हा झोपायची. दादाला मागच्या खोलीत काही झालं नाही, त्याची छाती म्हणजे गोदामाचं दार. पण थोरलीचा घसा आधी खवखवला, मग बसला, आणि मग तो खोकला लागला. सुका, खोल, थांबता न थांबणारा. धाकटीने तो पहाटे कणीक मळताना भिंतीपलीकडून ऐकला आणि लगेच ओळखला. तिच्या पोरीचाच तो खोकला होता, फक्त मोठ्या मापाचा.

सामान हलवायच्या दिवशी सकाळी डब्यांना गिऱ्हाईक नेहमीसारखं उभं होतं. त्या दिवसाचे डबे थोरलीने एकटीने केले होते आणि मीठ चाखायला कुणी नव्हतं. झाकणं लावता लावता तिला उबळ आली. मांडणीला धरून ती वाकली आणि खोकत राहिली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघू लागली. एका आजोबांनी विचारलं की ताईंना बरं नाही का, किती दिवस झाले खोकतायत.

धाकटी आतून गरम पाण्याचा पेला घेऊन आली. थोरलीच्या हातात दिला, तिच्या पाठीवरून हात फिरवला, दोनदा, सावकाश. थोरलीने तिच्याकडे पाहिलं. पुढे काय येणार ते तिला कळलं होतं, पण तोंडात पाणी होतं.

"काही नाही हो आजोबा," धाकटी हसून म्हणाली. "ताईंच्या माहेरचीच छाती नाजूक."

मग तिने मांडणीवरचा आपला झारा उचलला, पदराला पुसला आणि सामानाच्या खोक्यात टाकला.